आंगकोर बानच्या मावशींस

आदरणीय मावशी,

त्या दिवशीच्या गडबडीत तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून नात्याच्या नावानेच हाक मारीत आहे. आमच्या बोटीवरील मार्गदर्शकाने या पत्राचा तुमच्या ख्मेर भाषेतील अनुवाद तुम्हाला वाचून दाखवण्याचे मान्य केले आहे. तुम्ही आमच्यासाठी काय केले, ते आमच्या माणसांनाही कळावे, म्हणून मूळ पत्र मराठीत आणि सर्वांसाठी खुले लिहीत आहे.

फेब्रुवारीतील त्या सकाळी आमची बोट कंबोडियाच्या कांपोंग चाम प्रांतात तुमच्या गावाला, आंगकोर बानला, लागली. उन्हाळ्यात तोन्ले साप तलाव इतका उथळ होतो की मोठ्या बोटी त्यातून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे सिएम रीप शहराहून बसने येऊन आम्ही मेकाँग नदीवरच बोटीत चढलो होतो. नदीचे पाणी खाली गेलेले असल्याने धक्क्यापासून गावापर्यंतचा काठ उंच व उभा होता. माझ्या आईचे वय ७४ आहे आणि तिचे गुडघे दुखतात. तरीही गाव पाहायचेच म्हणून ती हट्टाने चढली आणि शेवटच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन बसली. तिची नडगी खरचटली होती, डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि माझे हातपाय गळून गेले होते.

तुम्ही अंगण झाडत होतात. हातातला खराटा टाकून तुम्ही आलात, एका बाजूने आईच्या काखेत हात घातलात आणि मला दुसरी बाजू धरायची खूण केलीत. खांबांवर उभ्या असलेल्या घराखालच्या सावलीतील बाजेवर तिला निजवून, रांजणातील पाण्यात आपला क्रामा भिजवून, पिळून, तिच्या कपाळावर ठेवलात. त्या पंच्यासारख्या कापडाचे लाल-पांढरे चौकडे मला अजून दिसतात. जखम धुतलीत, शहाळे फोडून दिलेत, आणि आई उठून बसेपर्यंत ताडाच्या पंख्याने तिला वारा घालत राहिलात. गावात आम्हाला सोबत करणारी शाळकरी मुलगी आपल्याला येणाऱ्या इंग्रजीत तुमचे बोलणे सांगत होती, पण त्या पहिल्या अर्ध्या तासात तिची फारशी गरज पडली नाही.

आई सावरल्यावर तिने पहिली गोष्ट पाहिली ती तुमच्या घराचा खांब. त्यावर तुमच्या डोक्याच्याही वर पाण्याची एक फिकट रेघ होती. पावसाळ्यात मेकाँग कुठवर चढते हे तुम्ही रेघेवर हात ठेवून दाखवलेत, आणि आईने लगेच आपल्या छातीवर हात ठेवून "आमच्याकडं इथवर" असे मराठीतच सांगितले. आमचे घर सांगलीजवळ कृष्णाकाठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात छातीइतके पाणी होते, आणि त्यानंतर आई पुराविषयी कोणाशी मोकळेपणाने बोललेली मला आठवत नाही. तुमच्याशी मात्र ती बोलली. धान्य कुठे ठेवता, गुरे कुठे नेता, हे सगळे तिने हातवारे करून विचारले आणि तुम्ही हातवारे करूनच उत्तरे दिलीत. पाणी आले की मासळी येते आणि ओसरताना गाळ ठेवून जाते, हे तुमचे वाक्य त्या मुलीने सांगितले तेव्हा आई बराच वेळ गप्प होती.

मावशी, तुमचे घर शंभर वर्षांहून जुने आहे, हे मला नंतर बोटीवर कळले. १७ एप्रिल १९७५ पासून जानेवारी १९७९ पर्यंतच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत तुमच्या देशातील सुमारे १७ लाख माणसे उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि हत्या यांत गेली. आंगकोर बानची लाकडी घरे वाचली, कारण त्यांत त्या राजवटीचीच माणसे राहत होती, असे मार्गदर्शकाने सांगितले. त्या वर्षांत तुम्ही जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या असाल. मी त्याबद्दल काही विचारले नाही व तुम्हीही काही बोलला नाहीत, आणि ते तसेच योग्य होते असे मला वाटते. परंतु आपल्याच घरात परकी माणसे राहून गेली, ते गाव अनोळखी बाईला थेट बाजेपर्यंत नेते, याचे मोल मला त्या रात्री कळले.

आणखी एक गोष्ट मनात राहिली आहे. तुमच्या भाषेत गावाला "फूम" म्हणतात आणि लिहिताना तो शब्द "भूमि" असा लिहितात, हे मार्गदर्शकाने सांगितल्यावर आईने तो दोन-तीनदा उच्चारून पाहिला. शाळेच्या इमारतीला "साला" म्हणतात हे ऐकून तर तिला आपण फार दूर आलोच नाही असे वाटू लागले.

निघताना मी पैसे पुढे केले, ते तुम्ही माझ्याच मुठीत परत दाबलेत. याउलट ताडाच्या पानात गुंडाळलेल्या गुळाच्या वड्या आईच्या ओटीत घातल्यात आणि तुमच्या पुतण्याने व त्याच्या मित्राने आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, तो उभा काठ उतरवून दिला. त्या दोघांचेही मनापासून आभार. आई खुर्चीतून मागे वळून हात जोडत होती आणि वर तुम्हीही हात जोडून उभ्या होतात.

जखम आठवड्यात भरली. डॉक्टरांनी तपासून उन्हाचा त्रास होता, दुसरे काही नाही, असे सांगितले. तुम्ही दिलेल्या गुळाच्या वड्यांतील एक आईने देवापुढे ठेवली आणि उरलेल्या शेजारणींना वाटल्या. प्रत्येकीला खांबावरच्या रेघेची हकीकतही सांगितली.

सध्या ती तुमच्यासाठी वाकळ शिवत आहे. आमच्याकडे जुनी लुगडी एकावर एक घालून, धावदोरा घालत, ही पांघरायची वाकळ घरीच शिवतात. मधला भाग तिच्या स्वतःच्या दोन लुगड्यांचा आहे आणि तो शिवून झाला आहे. काठ तेवढा राहिला आहे. तो लाल लावावा की हिरवा, हे मार्गदर्शकाकडून कळवावे, आणि सोबत आपले नावही कळवावे, असा तिचा आग्रहाचा निरोप आहे.

तुमची ऋणी,
सांगलीच्या त्या आजींची मुलगी