काळ्याचा राजा

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, "आई, काळी मोहरी आली की पोटात गोळाच येतो. किल्लेकोट करून राजा हत्तीआड सुरक्षित बसवायच्या आत तो उघडा पडतो, मग काही सुचतच नाही." तेव्हापासून तुला एक डाव दाखवायचं मनात आहे. काल रात्री आजोबांच्या लाकडी पटावर तो पुन्हा मांडला.

एस्ट्रिन विरुद्ध हान्स बर्लिनर. पत्राने खेळायच्या बुद्धिबळाचं पाचवं जागतिक अजिंक्यपद, १९६५ ते १९६८. एस्ट्रिन मॉस्कोचा, बर्लिनर अमेरिकेतला. चाल पोस्टाने जायची, उत्तर पोस्टाने यायचं. ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, होती दोन घोड्यांचा बचाव, आणि एस्ट्रिन त्यातला जाणता माणूस.

दहाव्या चालीला बर्लिनरचा घोडा प्याद्याच्या तोंडी होता, उंटही. त्याने दोघांनाही हात लावला नाही. ई-५ चं, म्हणजे ई या उभ्या ओळीतल्या पाचव्या घरातलं, प्यादं एक घर पुढे सरकवलं. घोडा गेला. बाराव्या चालीला उंटाचा शह आला, राजा डी-८ वर गेला, किल्लेकोटाचा विषयच संपला. तू इथेच घाबरली असतीस ना? पण पांढऱ्याकडे बघ. त्याचा ए-१ चा हत्ती पहिल्यांदा हलला तो थेट २९व्या चालीला! तोवर वजीर जाऊन उरले हत्ती, राजे आणि प्यादी.

सगळे त्या दहाव्या चालीचं कौतुक करतात. मला मात्र ३१वी जास्त आवडते. काळ्याचं एक प्यादं जास्त होतं, तेच त्याने सोडून दिलं. हत्ती सी-८ वर नेला, पांढऱ्याने एफ-७ चं प्यादं खाल्लं, आणि लगेच काळ्याचा हत्ती सी-७ वर समोर येऊन उभा राहिला: कर मारामारी, हत्तीला हत्ती. एस्ट्रिनने हत्ती मागे घेतला. मग तोच उघडा पडलेला राजा चालत निघाला. ई-५, डी-४, तिथून डी-३ चं प्यादं मारून सी-२ वर, थेट पांढऱ्याच्या घरात. ४२व्या चालीला एस्ट्रिनने डाव सोडला.

एक काम कर. ३२व्या चालीनंतरची मोहरी मांड आणि समज, पांढऱ्याने हत्तींची मारामारी केली असती. दोघांची तीन-तीन प्यादी. काळ्याच्या एच-५ च्या प्याद्याकडे नीट बघ. तुला काय दिसलं ते लिहून पाठव, फोनवर सांगू नकोस.

तुझी,
आई