हब गेलाय, काका!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात सकाळी तुमच्या पेपरात पुन्हा एकदा वाचलं की पुणे कशाचंतरी 'हब' होणार, आणि त्याच दिवशी दुपारी मागचं चाक वाजतंय म्हणून सायकल दुकानात टाकली तर तो पोरगा म्हणतो, "काका, हब गेलाय, बदलावा लागेल." मी हसलो, त्याला काही कळेना.

तर हब म्हणजे चाकाच्या मधला तो लोखंडी गड्डू. जुन्या सायकलला मागच्या हबला चाळीस भोकं, पुढच्याला बत्तीस, तेवढ्याच तारा, एक जरी ढिली पडली की चाक आऊट, म्हणजे फिरताना डुलायला लागतं. इंग्रजीत हा शब्द १७व्या शतकापासून आहे पण बरीच वर्षं तो चाकं बनवणाऱ्या सुतारांपुरताच होता, बाकी लोक त्या भागाला 'नेव्ह' म्हणायचे. आणि गंमत बघा, हा नेव्ह आणि आपली नाभी एकाच मुळातून आलेत, त्यांचं नेव्हल म्हणजे बेंबीसुद्धा त्यातलंच. मग सायकली आल्या आणि हब घरोघरी पोचला. (चाक, चक्र, व्हील आणि सायकल हे चारही शब्द एकाच घराण्यातले, म्हणजे सायकल आपल्याला तशी परकी नाहीच!) 'महत्त्वाचं केंद्र' हा अर्थ १८५८ सालचा, अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्स नावाच्या डॉक्टर-लेखकानं बॉस्टनचं स्टेट हाऊस (तिथलं विधानभवन) म्हणजे सूर्यमालेचा हब असं लिहिलं, तेही आपल्या गावच्या लोकांच्या तोऱ्याला चिमटा काढायला. बॉस्टनला ते नाव चिकटलं ते आजतागायत. गावच्या तोऱ्यावरून काही आठवलं तर आठवू द्या, मी पेठेतलाच आहे.

आता माझं म्हणणं एवढंच की पूर्वी तुम्ही 'विद्येचं माहेरघर' छापायचा, आता 'एज्युकेशन हब'. मग आयटी हब, ऑटो हब, मेडिकल हब... एका चाकाला हब किती असतात हो? एकच ना? माहेरघर शब्दात निदान कोणीतरी येतंय, चार दिवस राहतंय, लाड होतायत असं काहीतरी दिसतं डोळ्यासमोर. हब छापताना चाक तरी दिसतं का कोणाला?

मराठीच हवा असेल तर शब्द आहे. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडाची धाव, आत लाकडी आरे, आणि ते आरे ज्यात बसतात तो तुंबा. 'पुणे झाले शिक्षणाचा तुंबा' असं मथळ्यात छापून बघा, पावसाळ्यात तर दोन्ही अर्थांनी चालेल.

सायकलचा हब मी बदलून घेतला, आऊटही काढून घेतला, आता आवाज येत नाही.

आपला,
एक जुना वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०