चोपन्नाव्या वर्षी मला स्लेजवर उभे करणाऱ्या बाईंना

फेअरबँक्स, अलास्का

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मनापासूनचे आभार मला मराठीतच मानता येतात, म्हणून हे पत्र मराठीत लिहिले आहे. तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी ते वाचून दाखवीन आणि वाक्यावाक्याचा अर्थ सांगेन. आमच्याकडे शिकवणाऱ्या स्त्रीला नुसते ‘बाई’ म्हणतात, आणि तुम्ही माझ्या बाई आहात.

मुले शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यावर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी तुमच्या दारी आले आणि कुत्र्यांनी बर्फावरून ओढायच्या स्लेजच्या, म्हणजे कुत्रागाडीच्या, लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचे आहे असे म्हणाले, तेव्हा तुम्ही माझे वय विचारले नाही. उणे तीस अंशांत हातमोजे काढून कुत्र्यांच्या पायांत मोजे चढवता येतील का, एवढेच विचारलेत. पहिले दोन महिने माझ्या वाट्याला पाणी तापवणे, गोठलेले मासे आणि चरबी कुऱ्हाडीने फोडून त्यात कालवणे आणि पाय तपासणे हीच कामे आली. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात एकेक बोट फाकवून मधल्या कातडीला चीर गेली आहे का ते पाहायचे, बर्फाची गुठळी ओढून न काढता तळहाताच्या उबेने विरघळवायची, मलम लावायचे आणि मग मोजा चढवायचा. पट्टी आवळली तर पाय सुजतो, सैल राहिली तर मोजा वाटेत गळतो. दहा कुत्र्यांचे चाळीस पाय, आणि प्रत्येक मुक्कामाला पुन्हा पहिल्यापासून! याला कंटाळणाऱ्याने स्लेजला हात लावू नये, हे तुमचे म्हणणे मला आता पुरते पटले आहे.

तुमचा सर्वांत मोठा उपकार म्हणजे शर्यतींतून निवृत्त झालेला तुमचा दहा वर्षांचा म्होरक्या कुत्रा तुम्ही माझ्या हवाली केलात. या गाडीला लगाम नसतो. ‘जी’ म्हटले की उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हटले की डावीकडे, सारा कारभार पुढच्या कुत्र्याच्या कानांवर चालतो. गोठलेल्या नदीवर एका संध्याकाळी मी ‘हॉ’ म्हणाले आणि तो वळेना. मी दोनदा ओरडले, तरी तो कान मागे पाडून माझ्याकडे पाहत उभाच राहिला. गाडी अडकवून ठेवणारा नांगर बर्फात रोवून पुढे गेले, तर ताज्या बर्फाखाली पाणी वर आलेले होते. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावाला घटसर्पावरचे औषध पोहोचवणाऱ्या कुत्रागाड्यांच्या साखळीत धावलेल्या लिओनार्ड सेप्पालाचा म्होरक्या टोगो बारा वर्षांचा होता, हे तुम्ही त्या रात्री मला सांगितलेत. या वयात हे कशाला, असे पुण्याचे नातेवाईक विचारतात, तेव्हा मी त्यांना टोगोबद्दल सांगते, आणि १९९० मध्ये चौऱ्याऐंशीव्या वर्षी इडिटारॉड या अलास्कातल्या कुत्रागाडी शर्यतीची सुमारे सोळाशे किलोमीटरची वाट पुरी करणाऱ्या नॉर्मन वॉनबद्दलही.

माझ्या पहिल्या तीनशे मैलांच्या शर्यतीत दुसऱ्या मुक्कामी दोन कुत्र्यांनी अन्नाला तोंड लावले नाही आणि तिसरा लंगडू लागला. नियमाप्रमाणे तुम्ही मदत करू शकत नव्हता. दोरीपलीकडे उभ्या राहून तुम्ही नुसते पाहत होता आणि चेहऱ्यावरून मला काहीही कळू दिले नाही. मी माघार घेतली. घरी परतेपर्यंत तुम्ही गप्प होता, आणि गाडीतून उतरताना म्हणालात, “तू कुत्र्यांकडे पाहिलेस, घड्याळाकडे नाही.” पुढच्या वर्षी मी शेवटच्या क्रमांकाने का होईना शर्यत पूर्ण केली, तरी माझ्या मनात जास्त जवळचा आहे तो माघारीचा दिवस, कारण निर्णय माझा मला घेऊ देण्याइतका विश्वास त्या दिवशी तुम्ही माझ्यावर टाकलात.

म्होरक्या आता तेरा वर्षांचा आहे. रात्री शेगडीपाशी झोपतो आणि बाहेर जुंपणी सुरू झाली की दारापाशी येऊन उभा राहतो. मग मी त्याला जुना पट्टा घालून अंगणाच्या टोकापर्यंत चालवून आणते.

या उन्हाळ्यात तुमच्या कुत्र्यांसाठी मी दोनशे मोजे शिवले आहेत. रविवारी ते घेऊन येते, आणि त्यालाही बरोबर आणते.

आपली विद्यार्थिनी