मेकॅनोच्या खटपटीत साथ देणाऱ्यांचे आभार

बाबांच्या लहानपणीचा मेकॅनो (भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून क्रेनसारख्या प्रतिकृती बनवायचं खेळणं) पुन्हा जुळला. खरं घोडं अडलं होतं बोल्टपाशी. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या या खेळण्याची भोकं अर्ध्या इंचावर आणि आटे ५/३२ इंच व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे. हल्लीचे मिलिमीटरचे नट त्यावर चढतच नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात डबेच्या डबे उपसून नेमके नट-बोल्ट शोधून देणारे काका, तुमचे किती आभार मानू! गंजलेल्या पट्ट्या रॉकेलात भिजवून घासायला शिकवणाऱ्या शेजारच्या आजोबांचेही. आणि जेवणाचं टेबल आम्हाला सोडून जमिनीवर भरतकाम करणाऱ्या घरच्या मंडळींचे तर (कुरकुरीसह!) खास आभार. क्रेन उभी राहिलीये. पितळी गिअर कुणाकडे पडून असतील तर जरूर कळवा.