अंदाजातला वारा गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा अंदाज व कृषी सल्ला येतो. आमच्या गावात तो दुसऱ्या दिवशी पारावर, पेपरातून वाचला जातो. साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तेवढाच आधार आहे. म्हणून पेपरात छापताना त्यातलं काय गाळलं जातं, याबद्दल लिहीत आहे.

गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी ‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस’ एवढीच ओळ छापून आली. आमच्या चुलत्यांनी, अण्णांनी, चार एकरांची बनीम (कापलेल्या सोयाबीनचा ढीग) लावून ताडपत्री टाकली, कडेनं ढेकळं ठेवली. पावसाला तेवढं पुरे होतं. पण रात्री पावसाआधी वारा सुटला. सकाळी पाहतो तर ताडपत्री बांधावरच्या बाभळीला लटकलेली, ढेकळांचा चिखल झालेला आणि बनीम वरून हातभर भिजलेली. चार दिवसांनी आत हात घातला तर गरम वाफ, शेंगांतून कोंब बाहेर. मूळ पत्रकात ‘ताशी ३० ते ४० कि.मी. वेगाने वारे’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुतण्यानं ते मोबाइलवर दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले, “हे आधी कळलं असतं तर दगडं बांधली असती की रे.”

दुसरी अडचण शब्दांची. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडका पाऊस, असाच अर्थ आमच्याकडं लावतात. खरं तर तो शब्द पाऊस किती जागी पडेल हे सांगतो, किती पडेल हे नाही. चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी पडणार असेल तर तुरळक. निम्म्यापर्यंत गेला की ‘काही ठिकाणी’. आणि ‘मध्यम’ म्हणजे २४ तासांत १५.६ ते ६४.४ मि.मी. म्हणजे ६० मि.मी. पडला तरी तो मध्यमच! आमच्या काळ्या रानात तेवढा पाऊस दोन तासांत झाला तर आठ-आठ दिवस वापसा येत नाही, मळणी यंत्र शेतात नेता येत नाही. हे अर्थ ठाऊक नसल्यानं अंदाज खोटा ठरला असं लोकांना वाटतं. आमच्या शिवारात पाऊस आणि ओढ्यापलीकडं फुफाटा, हे तर नेहमीचंच. मग विश्वास बसतो तो व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘अमुक तारखेला ढगफुटी’वर. त्या भीतीनं हिरव्या शेंगांचं सोयाबीन कापलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपणाला कळकळीची विनंती की, बुधवारी आणि शनिवारी हे पत्रक वारा, विजा आणि कृषी सल्ल्यासकट पूर्ण छापावं, खाली या शब्दांचे अर्थही द्यावेत. जागा कमी असेल तर पावसाचा फोटो वगळा, वारा वगळू नका. आमच्या ग्रामपंचायतीलाही मी सांगितलं आहे, की घरपट्टीसाठी ज्या भोंग्यावरून पुकारता त्याच भोंग्यावरून सकाळी सातला, माणसं रानात जायच्या आत, हा अंदाज वाचा.

हस्ताचा पाऊस अजून सरलेला नाही आणि गावातल्या निम्म्या बनीमी उघड्या रानात आहेत. येत्या बुधवारपासूनच सुरुवात व्हावी.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. औसा, जि. लातूर