वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नकोस

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

वर्गातली मुलं धड्याबाहेरचं काही वाचत नाहीत आणि निबंध लिहायला सांगितला की सगळ्यांच्या वहीत त्याच दहा ओळी येतात, असं तू कळवलंस. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. मूल वाचतं तेव्हा आपण त्याची परीक्षा घेतो आणि लिहितं तेव्हा नुसत्या चुका मोजतो. हे उलटं कर. वाचून झाल्यावर काही विचारू नकोस. लिहून झाल्यावर मात्र मनापासून विचार.

आधी पुस्तकं कपाटातून बाहेर काढ. ती कुलपात राहतात, कारण हरवलेलं पुस्तक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, कसं दाखवायचं याची धास्ती असते. काही फाटतील, एखादं हरवेल, हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घे. तुझ्या २८ मुलांना ६० पुस्तकं पुरेत. जमिनीपासून तीन फुटांवर नायलॉनची दोरी ताणून बांध आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाक, म्हणजे मुखपृष्ठ दिसेल. नुसता कणा दिसणाऱ्या पुस्तकाकडे चौथीतलं मूल सहसा वळत नाही. दर शनिवारी दहा पुस्तकं बदल. देवघेवीची वही मुलांकडेच दे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नको, ती पिवळी पडते आणि काढताना अक्षरांसकट निघते. खळ आणि पातळ कागद वापर.

साठांपैकी वीस तरी पानावर एक-दोन ओळी असलेली चित्रांची पुस्तकं हवीत. जोडाक्षरांशी अडखळणारी मुलं चौथीतही असतात, पण ‘ही पहिलीची’ असा वेगळा ढीग केलास तर लाजेपोटी ती त्याला हात लावणार नाहीत. सगळी मिसळून ठेव. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले, तर ते पुस्तक मुलाने सध्या एकट्याने वाचायचं नाही, तू वाचून दाखवायचं. पुस्तकं कमी पडली तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मोफत आहेत, छापूनही घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मिळतात.

मधल्या सुट्टीनंतर रोज १५ मिनिटं वाचून दाखव. गोष्ट आदल्या दिवशी स्वतः वाचून ठेव, नाहीतर संवाद सपाट होतात. उत्कंठेच्या जागी थांब आणि पुस्तक दोरीवर ठेवून दे, पुढचं वाचायला कोणीतरी ते उचलतंच. मग तात्पर्य नाही, ‘या गोष्टीतून काय शिकलात?’ नाही. वाचल्याची किंमत उत्तरं देऊन चुकवावी लागते हे कळलं, की मुलं छोट्यात छोटं पुस्तक शोधू लागतात. मूक वाचनाच्या वेळी तूही वाच. त्या वेळात वह्या तपासल्यास तर तू सांगतेस त्यावर ती विश्वास ठेवणार नाहीत.

लिहिण्याचं जरा सविस्तर सांगते. ‘माझी आई’ या विषयावर साचाच उतरतो, कारण विषय फार मोठा आहे. विषय लहान कर: आठवडी बाजारात कानावर पडलेली पाच वाक्यं, घरातल्या एका वस्तूचं तिचं नाव न घेता वर्णन, शाळेच्या वाटेवर काल नव्हतं आणि आज आहे असं काही. घरची बोली येऊ दे. पहिल्या खर्ड्यावर लाल शाई अजिबात नको. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा दिसल्या की मूल खात्रीच्या शब्दांपुरतंच लिहू लागतं आणि नेमका त्याचा स्वतःचा शब्द गळून पडतो. जोडीदाराला वाचून दाखवायला सांग, मग तू एकच प्रश्न विचार, आणि तो खरा हवा: ‘शेळी पळाली तेव्हा तू कुठे होतास?’ त्याचं उत्तर दुसऱ्या खर्ड्यात उतरतं. शुद्धलेखन अगदी शेवटी, पक्कं लिहिताना.

पक्कं कशासाठी लिहायचं, तर हस्तलिखितासाठी, म्हणजे वर्गाच्या हाताने लिहिलेल्या अंकासाठी. ए-फोर आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की १६ पानं होतात. प्रत्येकाला अर्धं पान दिलंस तर २८ मुलांची १४ पानं, एक अनुक्रमणिकेचं, शेवटचं कोरं. वर कार्डशीटचं मुखपृष्ठ. घडीवर दाभणाने तीन भोकं पाड: एक मध्ये, दोन टोकांपासून चार-चार सेंटिमीटरवर. अर्धा मीटर जाड दोरा घे. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मार. आधी शिव, मगच मुलांनी वेगळ्या तुकड्यांवर लिहिलेला मजकूर चिकटव. शिवण्याआधी या दुमडलेल्या कागदांवरच लिहिलं तर पहिलं आणि सोळावं पान एकाच कागदावर येतं आणि क्रम हमखास चुकतो. शिवाय एकाचं बिघडलं तर दुसऱ्याचंही पान वाया जातं. खळ फक्त कडांना लाव, नाहीतर अंक फुगतो.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येईल. अंक त्या दिवसासाठी घाईने उरकू नकोस; त्या दिवशी भाषणं कमी करून मुलांना नेहमीच्या दुप्पट वेळ वाचू दे. अंक दिवाळीच्या सुट्टीआधी झाला तरी चालेल. मग तो रोज एका घरी जाऊ दे. कोऱ्या पानावर घरच्यांनी काय आवडलं ते एका ओळीत लिहावं; ज्या आजीला लिहिता येत नाही तिने सांगावं आणि नातवंडाने तिच्याच शब्दांत उतरवावं. २८ घरांना एक पान पुरणार नाही, तेव्हा शिवतानाच दोन कागद जादा घे, म्हणजे मागे कोरी पानं उरतील.

तुझी,
आई