बुरशी दिवाळीआधी काढा, रंग गुढीपाडव्याला लावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र संपले की बडोद्यात रंगाऱ्यांना उसंत नसते. पावसाळ्यात कपाटामागे, छताच्या कोपऱ्यात, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर आलेली काळी-हिरवी बुरशी दिवाळीच्या आत दिसेनाशी करायची असते. भिंत वरवर खरवडली जाते, पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि त्यावर बुरशीरोधक म्हणून विकला जाणारा महाग रंग. पुढच्या श्रावणात नेमकी तीच जागा पुन्हा काळी. बोल रंगाऱ्याला लागतो, पण बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो. ओल्या भिंतीवर रंग लावायला त्याला आपणच सांगितलेले असते. म्हणून ऐन हंगामात हे पत्र. बुरशी दिवाळीआधी जरूर काढा, भिंत मात्र उघडी ठेवा आणि रंग गुढीपाडव्याच्या सुमारास लावा.

बुरशीला अन्न म्हणून धूळ, खळ, लाकूड, कागद, रंगातला चिकट घटक, काहीही चालते. ऊब आपल्याकडे बारमाही. तोडता येण्याजोगे एकच, ते म्हणजे पाणी. आणि विटांची भिंत फार सावकाश वाळते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत ढोबळ हिशेब असा धरतात की पाण्याची वाट बंद झाल्यावर जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने. दोन्ही बाजू उघड्या आणि वारा खेळता असेल तर लवकर, एका बाजूला टाइल्स असतील तर आणखी उशिरा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांची दिवाळी दोन महिन्यांवर होती. तेवढ्यात रंगवलेल्या भिंतींना पोपडे धरणारच. आपल्याकडे कोरडी हवा नोव्हेंबर ते मे एवढीच मिळते, ती भिंतीला पुरती मिळू द्यावी.

भिंतीवर आहे ते नक्की काय, याची आधी खात्री करावी. पांढरी, कापसासारखी भुकटी पुष्कळदा बुरशी नसून लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, असतो. बोटात चुरली की मिठासारखी कुरकुरते आणि पाण्याचा फवारा मारला की विरघळते. बुरशी विरघळत नाही, ओली होऊन चपटी पडते. काळ्या डागावर ब्लीचच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकून पाहा. दोनेक मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर बहुधा धूळ-काजळी. लोण्यावर बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही. तो कोरड्या ब्रशने झाडून, भरून बाहेर टाकावा, भिंतीवर पाणी ओतून धुऊ नये, नाहीतर क्षार पुन्हा आत जातात. पुरात भिजलेल्या भिंतींतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून अशा भिंती पुढच्या पावसाळ्यात गळती नसतानाही दमट लागतात.

पाणी कुठून येते हे डागाची जागाच बरेचसे सांगते. जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत एकसारखा पट्टा असेल तर ओल जोत्यातून वर चढते आहे. छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्चीचा कठडा आणि लादी यांच्या सांध्यातली वाट (सांधा बंद करणारी सिमेंटची गोलाई) फुटलेली असते. आपल्याकडच्या चायना मोझॅकच्या, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेल्या, गच्च्यांवर वरून सगळे धड दिसते, पण तुकड्यांमधल्या केसाएवढ्या भेगा आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवतीचा सांधा पाणी पितो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरणारा डाग असेल तर छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी ठेवलेली खाच सिमेंटने बुजलेली आहे का ते पाहावे. भिंतीच्या मधोमध, पावसाशी संबंध नसलेला आणि मार्चमध्येही ओला असणारा डाग म्हणजे आतला पाइप किंवा पलीकडच्या न्हाणीचा ट्रॅप (फरशीतले पाणी वाहून जाण्याचे तोंड).

हे ताडून पाहायला महागडी यंत्रे लागत नाहीत. रात्री टाकी भरून, सगळे नळ आणि टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर पाइपात गळती आहे. न्हाणीघरासाठी ट्रॅप कापडाचा बोळा आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ तास साठवा आणि पलीकडची भिंत, खालचे छत पाहा. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे कळत नसेल तर १८ इंच लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीची, बाहेरच्या बाजूला आले तर हवेची.

हवेची ओल हा प्रकार नव्या फ्लॅटांत वाढला आहे. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांपेक्षा गार कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटते. एसी रात्रभर १८ वर चालवला की त्या खोलीची भिंत पलीकडून गार पडते, आणि बुरशी एसीच्या खोलीत न येता शेजारच्या बंद खोलीत किंवा त्या भिंतीला टेकलेल्या कपाटात येते. लोक मग गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घेतात, ज्याची तिथे गरजच नसते. एसी २५-२६ वर ठेवा, कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घ्या. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली पाहिजे, ५० च्या आसपास असेल तर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ‘हवा खेळू द्या’ म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्याने ओल कमी होत नाही, बाहेरची आत येते. तेव्हा खिडक्या लावून एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर चालवावा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली वाफ मात्र एग्झॉस्टने बाहेरच काढावी.

रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीकडच्या जुन्या घरांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे दुरुस्तीच्या नावाखाली होणारे नुकसान पाहवत नाही. या भिंती भाजक्या विटांच्या आणि चुन्याच्या. त्या जमिनीतली ओल घेतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत सोडतात, त्यांची रचनाच तशी आहे. हल्ली खालचा फुगलेला गिलावा काढून तिथे सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट करतात. ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते, मग ती सिमेंटच्या वरच्या काठापर्यंत चढते. तीन फुटांचा पट्टा पाच फुटांवर जातो, आणि भिंतीत बसवलेल्या तुळयांची टोके कुजू लागतात. अशा घरांत फुगलेला भाग चुन्यानेच भरावा आणि वर चुन्याचीच सफेदी द्यावी. ताज्या चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो, त्यात बुरशी तग धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो हळूहळू उतरतो, म्हणून सफेदी दरवर्षी द्यायची पद्धत होती. ज्यांना दिवाळीला भिंत पांढरी हवीच आहे त्यांनी वाळत असलेल्या भिंतीवरही चुना खुशाल द्यावा, तो ओल अडवत नाही. मात्र चुन्यावर प्लास्टिक पेंट थेट धरत नाही, तेव्हा पुढे पेंट करायचा असेल तर चुना पूर्ण खरवडावा लागेल. कळीचा चुना भिजवताना उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा हवा, मुले लांब हवीत.

आता प्रत्यक्ष साफसफाई. डाग १० चौरस फुटांपेक्षा कमी, म्हणजे साधारण तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद, असेल तर घरी करता येते. ही मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घालून दिलेली आहे आणि ती आपल्याकडेही लावायला हरकत नाही. काम सुरू करण्याआधी पंखा आणि एसी बंद करावा. पंखा लावून खरवडणे ही सर्रास होणारी चूक आहे, त्याने बुरशीचे बीजाणू, म्हणजे ती पसरवणारे सूक्ष्म कण, घरभर जातात. दार बंद, खिडकी उघडी, अंगावर एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा. कापडी मास्क किंवा रुमाल चालत नाही. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून डाग ओला करा, मगच हात लावा. कोरडा ब्रश किंवा पॉलिश पेपर कधीही नाही.

टाइल्स, काच, धड ऑइलपेंट अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर साबणाचे पाणी आणि ब्रश पुरतो. त्यानंतर हवे असल्यास ४-५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) एक लिटर पाण्यात ६० मिली या प्रमाणात लावून दहा मिनिटांनी धुऊन, पुसून कोरडे करावे. गिलावा आणि लाकडावर ब्लीच ओतण्यात अर्थ नाही. क्लोरीन वरच राहतो आणि पाणी आत मुरते, म्हणजे बुरशीला आणखी एक खुराक. तिथे डागाच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत पुट्टी आणि सुटलेला रंग ओला करून काढावा लागतो. निघालेला कचरा आणि फडकी तिथेच पिशवीत बांधून खोलीबाहेर न्यावीत. भिजून ४८ तासांवर गेलेले जिप्सम बोर्ड, कापसाच्या गाद्या, फुगलेला प्लाय साफ होत नाहीत, टाकून द्यावे.

ब्लीचबरोबर टॉयलेटचे ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर कधीही वापरू नका, एकापाठोपाठ एकही नाही. बंद न्हाणीघरात त्यातून निघणारा वायू माणसाला पाडतो.

दमा असलेले, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले आणि मधुमेह ताब्यात नसलेले यांनी हे काम करू नये, ते चालू असताना त्या घरात थांबूही नये. २०२१ पासून भिंतीवरचा काळा डाग पाहून म्युकरमायकोसिसची, म्हणजे ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेल्या आजाराची, भीती वाटते. तो आजार वेगळ्या जातीच्या बुरशीचा. भिंतीवरच्या बुरशीचा रंग तिची जात किंवा तिचा धोका सांगत नाही. काळी असो वा हिरवी, काढायची रीत एकच, त्यामुळे प्रयोगशाळेत तपासण्यावर खर्च करू नये. हवेतल्या बीजाणूंचे सुरक्षित प्रमाण ठरवणारा सर्वमान्य आकडाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर मार्गदर्शिका काढली, तिनेही असा आकडा न देता ओल हटवण्यावरच भर दिला.

डाग मोठा असेल, पाणी गटाराचे असेल किंवा बुरशी एसीच्या डक्टमध्ये शिरली असेल तर व्यावसायिक बोलवावा. मात्र आपल्याकडे हे काम पेस्ट कंट्रोलवाला, वॉटरप्रूफिंगवाला आणि रंगारी असे तिघे आपापल्या परीने करतात, म्हणून दरपत्रकात पुढील गोष्टी लेखी मागाव्यात. ओल कुठून येते आणि ती कोण बंद करणार. कामाची खोली निदान १५० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकने बंद करणार का, आणि आतली हवा हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) बाहेर फेकणारे यंत्र लावणार का. काम चालू असताना तो पडदा आतल्या बाजूला ओढला गेलेला दिसला पाहिजे. बाहेर फुगला असेल तर बीजाणू घरात येत आहेत आणि काम थांबवावे. शेवटी सगळी खोली हेपा व्हॅक्यूमने झाडली जाणार का. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक बीजाणू मागून परत सोडतो. नुसता धूर, फॉगिंग किंवा ओझोन मारून ‘बुरशी मेली’ सांगणाऱ्याला परत पाठवावे. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, ती भिंतीवरून निघावी लागते.

काम झाल्यावर पुट्टी चढण्याआधी स्वतः पाहा. डाग दिसता कामा नये, कुबट वास येता कामा नये, आणि ओलावामापकाचा आकडा त्याच घरातल्या कोरड्या भिंतीएवढा हवा. हे मापक मुळात लाकडासाठी जुळवलेले असतात, गिलाव्यावरचा टक्का खरा धरू नये, दोन भिंतींतली तुलना तेवढी खरी. रंगाच्या वॉरंटीचा कागदही नीट वाचावा. गळती आणि ओल त्यात बहुधा वगळलेलीच असते. त्यापेक्षा ठेकेदाराशी आधीच ठरवून रकमेचा काही भाग पुढच्या पावसाळ्यानंतर द्यावा.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव जूनच्या सभेत करून भर पावसात काम काढू नका. ठराव जानेवारीत, काम मार्चमध्ये, आणि वाटा व पाइपांची तोंडे नीट वाळल्यावर मेच्या मध्यापर्यंत गच्चीवर २४ तास पाणी भरून चाचणी. त्या चाचणीच्या दिवशी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांना घरी थांबायला सांगा आणि छताचा प्रत्येक कोपरा त्यांच्यासमक्ष पाहूनच ठेकेदाराचे बिल मंजूर करा.

आपला,
इमारत दुरुस्तीच्या कामातील एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे